तेरचा अभंग आणि रात्रीचा वारा

तेरच्या संत गोरा कुंभारांचे, म्हणजे गोरोबाकाकांचे म्हणून जे अभंग आज आपल्या हाती आहेत ते मोजकेच. नामदेवांच्या किंवा तुकोबांच्या गाथेशेजारी ठेवले तर थोड्याच पानांत मावतील. त्यातल्या एका अभंगात त्यांनी मुक्याचा दाखला घेतला आहे. मुक्याला साखर दिली. गोडी त्याला पुरेपूर कळली, पण ती तो सांगणार कशी? अनुभव आला आणि त्याच क्षणी बोलणं थांबलं, असं काकांना म्हणायचं आहे. तरीही ते त्यांनी काटेकोर अक्षरं मोजून, यमक जुळवून, छंदात म्हटलं. शब्द अपुरे पडतात हे सांगायलाही शब्दच लागले.

हे प्रकरण पियानो सोनाटाविषयी आहे आणि त्याची सुरुवात तेरपासून करण्याचं कारण हा अभंग. गेल्या पावणेदोनशे वर्षांत युरोपातल्या काही पियानोवादक-संगीतकारांनी एखादी कविता समोर ठेवून मोठमोठ्या रचना लिहिल्या. त्यांत गायक नाही, शब्द नाहीत. कविता असते ती छापील स्वरलिपीच्या पहिल्या पानावर. पुढचं सगळं दोन हातांनी आणि एका वाद्याने सांगायचं. मग कवितेचं उरतं काय? माझ्या मते तिच्यातलं चित्र किंवा गोष्ट फारशी उरत नाही. उरते तिची घडण, आणि तिने विचारून अर्धवट सोडलेला प्रश्न. भजनात वाढलेल्या मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये, कारण त्याच्या कानांना याची निम्मी तयारी आधीच झालेली असते.

तेर हे धाराशिव शहरापासून वीसेक किलोमीटरवरचं, तेरणेकाठचं गाव. एक ग्रीक दर्यावर्दी पहिल्या शतकात लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या ‘तगर’ नगराचा उल्लेख करतो, ते हेच तेर. इथला माल भडोचच्या बंदरातून रोमन जगात जाई. गावातल्या लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. इटलीत पाँपेईच्या राखेखाली १९३८ साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचं इतकं साम्य आहे की अभ्यासक या दोघींची नावं नेहमी जोडीने घेतात. दूरदेशीच्या वस्तूंशी आणि कारागिरीशी या गावाचा संबंध असा दोन हजार वर्षांचा आहे. नदीकाठी गोरोबांचं समाधी मंदिर आहे. समाधीचं साल परंपरेने शके १२३९, म्हणजे इ.स. १३१७ मानलं जातं, आणि चैत्र वद्य पक्षात तिथे यात्रा भरते. नामदेवांसकट सगळ्या संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कोणतं मडकं कच्चं ते सांगणारे, संतमेळ्यातले वडीलधारे म्हणून ते ‘काका’. चिखल तुडवताना विठ्ठलाच्या नादात पायाखाली स्वतःचं मूल गेलं तरी कळलं नाही, ही कथा तर महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. ती ऐकताना अंगावर काटा येतो आणि मनात प्रश्नही उभा राहतो. तो प्रश्न काकांच्या अभंगांनी सोडवलेला नाही. त्यांनी त्याला एक घाट दिला.

हा घाट नीट पाहू. मोठ्या अभंगाच्या कडव्यात चार चरण असतात. पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं. म्हणजे कान तीन वेळा सहाच्या मापाला सरावतो आणि चौथ्या वेळी दोन अक्षरं आधीच चरण संपतो. संतांनी हे माप फार ताणून पाळलं नाही, एखादं अक्षर इकडेतिकडे होतं. मुक्याच्या अभंगाचं पहिलं कडवं मात्र मापात चोख बसलं आहे, आणि बोलता येत नाही हे सांगणारा शब्द नेमका त्या आखूड, चार अक्षरी चरणात आला आहे. जिथे बोलणं थांबतं तिथेच चरणही थांबतो. काकांनी हे ठरवून केलं की छंदाने आपोआप करवून घेतलं, याला माझ्या लेखी महत्त्व नाही. अर्थ आणि माप एकाच ठिकाणी येऊन थांबले आहेत, हे महत्त्वाचं. कवितेतून वाद्यसंगीत करणाऱ्याला उचलण्यासारखी गोष्ट असते ती ही.

आपल्याकडे अभंगाला चाल लागते तेव्हा शब्द जागेवरच राहतात. भजनी ठेका आठ मात्रांचा. सहा अक्षरांचे चरण त्यात सहज बसतात आणि चौथ्या चरणात जी जागा रिकामी पडते ती गाणारा स्वर लांबवून भरून काढतो. पहिलं कडवं किंवा त्यातला एखादा चरण ध्रुपद होतो आणि प्रत्येक कडव्यानंतर टाळकरी तो पुन्हा उचलतात. ध्रुपद दर खेपेला तेच असतं, पण मधल्या कडव्याने त्याच्यावर नवा उजेड पडलेला असतो, म्हणून पाचव्या वेळचं ध्रुपद पहिल्यासारखं ऐकू येत नाही. गोव्यातल्या मंगेशीचे पं. जितेंद्र अभिषेकी (१९२९–१९९८) यांनी गोरोबांच्या ‘निर्गुणाचे भेटी’ या अभंगाला चाल दिली आणि रामदास कामतांच्या आवाजात ती घरोघरी पोचली. अशोकजी परांजपे यांच्या गोरा कुंभारांवरच्या संगीत नाटकालाही अभिषेकींचंच संगीत. ‘अवघे गरजे पंढरपूर’ हे तिथलं गाणं आज दिंडीत असं म्हटलं जातं की ते कुणा संताचंच आहे असं पुष्कळांना वाटतं. तेरच्या कुंभाराच्या शब्दांना मंगेशीच्या माणसाने सूर दिले आणि ते पुन्हा तेरणेकाठी येऊन गाभाऱ्यासमोर म्हटले जाऊ लागले. कविता आणि संगीत यांच्या देवघेवीचं याहून ठसठशीत उदाहरण धाराशिव जिल्ह्यापुरतं तरी मला दिसत नाही.

आता याच भजनातली एक साधी गोष्ट. कीर्तनकार निरूपणात शिरलेले असतात. पेटीवाला हळूच अभंगाची चाल एका हाताने वाजवत राहतो, दुसऱ्या हाताने भाता चालू असतो. गात कुणीच नाही. तरी समोर बसलेल्या आजीचे ओठ हलत असतात. पेटीतून निव्वळ सूर निघतात आणि शब्द तिच्या मनात उमटतात. त्या चालीचं आणि शब्दांचं लग्न तिच्या कानात चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी लागलेलं आहे. म्हणजे शब्दांवाचून कविता ऐकायची सवय आपल्याला आहे. फक्त ती कविता आधीपासून तोंडपाठ असावी लागते. युरोपातल्या सोनाटाकारांची अडचण इथेच होती. त्यांच्या श्रोत्याला कविता पाठ असेलच असं नव्हतं, आणि चालही कुणाला ठाऊक नव्हती, कारण ती त्यांनी त्याच दिवशी नवी केली होती.

पेटीचा उल्लेख आलाच आहे तर तिचं आणि पियानोचं नातं सांगायला हवं. दोन्हींच्या पट्ट्या काळ्या-पांढऱ्या, मांडणी तीच. पेटी हे फ्रान्समध्ये १८४० च्या दशकात घडलेलं वाद्य. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हाताने भाता चालवायची, मांडी घालून वाजवता येईल अशी पेटी केली आणि ती आपल्या नाटकात, कीर्तनात, शाळेच्या प्रार्थनेत शिरली. मींड काढता येत नाही म्हणून १९४० पासून पुढची तीन दशकं आकाशवाणीने तिला दूर ठेवलं, तरी खेड्यातल्या भजनी मंडळाला तिचं काही सोयरसुतक नव्हतं. पेटीत हवा पितळी सुरांवरून जाते, त्यामुळे पट्टी दाबून ठेवाल तितका वेळ सूर टिकतो.

पियानोचं तसं नाही. सुमारे १७०० साली फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने घडवलेल्या या वाद्यात पट्टी दाबली की नमद्याने मढवलेली छोटी हातोडी तारेवर आदळते आणि लगेच मागे येते. आजच्या पियानोत पट्ट्या ८८ आणि तारा दोनशेहून जास्त. सूर जन्मला त्या क्षणापासूनच विरू लागतो. बोट कितीही दाबून ठेवा, तो वाढत नाही, वळत नाही, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जात नाही. पायाखालचा पेडल दाबला तर सगळ्या तारांवरचे दाबक उचलले जातात आणि एक सूर दुसऱ्यात मिसळून घुमत राहतो, इतकीच सोय. गाण्याच्या बाबतीत हे वाद्य माणसाच्या गळ्याच्या पुष्कळ मागे आहे. पण एकाच वेळी दहा बोटांनी दहा सूर, खर्जापासून तारसप्तकापलीकडे सव्वासात सप्तकं, आणि कुजबुजीपासून गडगडाटापर्यंत आवाज: हे त्याचं बळ. म्हणून पियानोवर कविता न्यायची तर तिची चाल गाऊन भागत नाही. तिच्यातले ताण एकमेकांसमोर उभे करावे लागतात. सोनाटा हे त्या कामासाठी तयार झालेलं घर.

सोनाटाची रचना थोडक्यात अशी. सुरुवातीला एक विषय येतो, मूळ षड्जावर. मग दुसरा विषय, वेगळ्या स्वभावाचा आणि वेगळ्या षड्जावर. मधल्या भागात या दोघांचे तुकडे पडतात, ते एकमेकांवर आदळतात, भलत्याच सुरांच्या प्रदेशात हिंडतात. श्रोत्याच्या पायाखालची जमीन सरकावी अशी अपेक्षाच असते. शेवटी दोघे परत येतात, आणि यावेळी दुसरा विषयही पहिल्याच्या षड्जावर आलेला असतो. आपलं ध्रुपद जसंच्या तसं परत येतं आणि श्रोता बदललेला असतो. सोनाटात परत येणारा विषय स्वतःच काहीतरी सोसून आलेला असतो. दोन्हीकडे परतणं आहे, परतण्याची जात वेगळी.

या घरात कविता आणण्याचे प्रयत्न अनेक झाले. ब्राम्स वीस वर्षांचा असताना, १८५३ मध्ये, त्याने तिसऱ्या पियानो सोनाटाच्या संथ भागावर श्टेर्नाउ या आज विसरल्या गेलेल्या कवीच्या चांदण्यातल्या प्रेमिकांवरच्या ओळी छापल्या. कवी गेला, संगीत राहिलं. लिस्टने दान्तेच्या नरकवर्णनावरून, आणि व्हिक्टर ह्यूगोच्या कवितेचं शीर्षक घेऊन, एक खवळलेली रचना केली. ती १८५८ मध्ये छापली गेली आणि ‘दान्ते सोनाटा’ नावाने ओळखली जाते. राव्हेलने १९०८ मध्ये बेर्त्रांच्या तीन गद्यकवितांवर ‘गास्पार द ला न्वी’ लिहिलं. ते नावाने सोनाटा नाही, पण पियानोवादकाच्या बोटांची अशी परीक्षा क्वचितच कुणी घेतली असेल. हे सगळे मोठेच. तरी कविता आणि सोनाटा एकमेकांत सर्वांत खोल मुरले कुठे असं विचाराल तर मी निकोलाय मेटनरचं नाव घेईन.

मेटनर मॉस्कोचा. जन्म १८८०, मृत्यू लंडनला १९५१. राख्मानिनॉफचा मित्र, स्वतः अव्वल पियानोवादक. आयुष्यभरात त्याने जे लिहिलं त्यातली एकही रचना पियानोशिवाय नाही. त्यात चौदा पियानो सोनाटा आणि शंभरावर गाणी आहेत. गाणी म्हणजे पुश्किन, त्युत्चेव, ग्योथे यांच्या कवितांना दिलेलं संगीत. कवितेला शब्दांसकट आणि शब्दांवाचून, दोन्ही अंगांनी भिडणारा इतका चिकाटीचा माणूस विरळा. त्याच्या प्रकाशित रचनांतली अगदी पहिली, ‘ओपस १’ मधला पहिला पियानोतुकडा, लेर्मोन्तोवच्या ‘देवदूत’ या कवितेच्या ओळी माथ्यावर घेऊन आला. त्या कवितेत देवदूत एका जिवाला पृथ्वीवर आणताना गातो. जन्मल्यावर त्या जिवाला गाण्याचे शब्द आठवत नाहीत, फक्त सूर आठवतो, आणि पृथ्वीवरची गाणी त्याला कधीच त्या सुराची जागा भरून देऊ शकत नाहीत. हा तुकडा आधी शब्दांवाचून लिहून झाला. पुढे काही वर्षांनी मेटनरने त्याच संगीताला कवितेचे शब्द जोडून गाणं केलं. आपल्याकडच्या उलट दिशा: सूर आधी, अक्षरं मागाहून. १९३५ मध्ये त्याने संगीतावर पुस्तक लिहिलं, ‘कलादेवता आणि फॅशन’ अशा अर्थाच्या नावाचं, त्याच्या सुरुवातीलाही हाच देवदूत आहे. मुक्याची साखर आणि विसरलेले शब्द यांच्यात सहाशे वर्षांचं आणि पाच-सहा हजार किलोमीटरांचं अंतर आहे, आणि तरीही दोघं एकाच गोष्टीविषयी बोलतात, असं मला मनापासून वाटतं.

‘रात्रीचा वारा’ हा त्याचा सोनाटा, ओपस २५ मधला दुसरा, १९१०-११ मध्ये लिहिलेला आणि राख्मानिनॉफला अर्पण केलेला. कविता फ्योदोर त्युत्चेवची. हा कवी (१८०३–१८७३) पेशाने राजनयिक, तारुण्याची बरीच वर्षं म्युनिकच्या वकिलातीत गेलेला. ही सोळा ओळींची कविता १८३६ मध्ये पुश्किनच्या ‘सोव्रेमेन्निक’ या नियतकालिकात छापून आली. पहिल्या आठ ओळींत कवी वाऱ्याला विचारतो: तू कशासाठी आक्रंदतोस? तुझं बोलणं काळजाला समजतं, पण तू ज्या यातनेविषयी सांगतोस ती समजत नाही. दुसऱ्या आठ ओळींत तो विनवतो: ती आदिम अराजकाची भयंकर गाणी गाऊ नकोस, रात्री जागं होणारं मन ती अधाशासारखं ऐकतं, झोपलेली वादळं उठवू नकोस, त्यांच्याखाली तेच अराजक वळवळतं आहे. आधी प्रश्न, मग भीती, आणि उत्तर कुठेच नाही.

मेटनरने ही कविता स्वरलिपीच्या सुरुवातीला छापली आणि सोबत लिहिलं की सगळी रचना महाकाव्याच्या वृत्तीची आहे. ही सूचना मला फार मोलाची वाटते. वारा म्हटलं की पियानोवर सरसर वरखाली धावणारे सूर, हा मार्ग डोळ्यांपुढे होताच, आणि साधा संगीतकार तोच धरून पाच-सहा मिनिटांचं एक झंझावाती चित्र रंगवून मोकळा झाला असता. मेटनरची रचना अर्ध्या तासाहून मोठी आहे, आणि ती मध्ये न थांबता एका दमात वाजते. कवितेची दोन कडवी, तशी सोनाटाची दोन मोठी दालनं. पहिल्यात प्रास्ताविक आणि रीतसर सोनाटा-रचना: विषय मांडले जातात, त्यांची तुडवातुडव होते, ते परत येतात. दुसऱ्यात त्याने वादकाला ‘बेलगाम’ अशा अर्थाची सूचना दिली आहे, आणि प्रास्ताविकात ऐकलेलं सगळं तिथे पुन्हा उकरलं जातं, जणू पहिल्या भागाचा समेट झालाच नव्हता. प्रश्न विचारणारं कडवं आणि उत्तराला घाबरणारं कडवं, यांच्यातलं नातं त्याने असं रचनेत उतरवलं.

एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. पहिल्या भागाचा मोठा पट्टा १५/८ या मोजणीत चालतो. आपल्या हिशेबात सांगायचं तर झपतालाच्या निम्म्या आवर्तनाइतक्या पाच मात्रा, आणि प्रत्येक मात्रेचे तीन समान तुकडे. टाळीने पाच मोजा आणि मनात प्रत्येक टाळीला तीन-तीन म्हणा. थोड्याच वेळात लक्षात येतं की आतली तीनची लय झोका देते आणि बाहेरची पाचची लय तो झोका कुठेही पुरता होऊ देत नाही. युरोपीय कानाला दोनाची, तीनाची, चाराची सवय. तिथे पाच म्हणजे सतत एक पाऊल पुढे किंवा मागे पडल्यासारखं. इतका लांब पट्टा या मापात चालवणं त्या काळी दुर्मीळ होतं. त्युत्चेवचा छंद यात मोजून बसवलेला नाही. बसवलेली आहे ती कवितेतली अस्वस्थता, विसावा मिळत नाही ही अवस्था. वारा हातात येत नाही. वारा ऐकून ज्याची झोप उडाली त्या माणसाची घालमेल हातात येते.

या सोनाटात कुठे झाडं हलली, कुठे खिडकी आपटली, असं शोधत बसणारे श्रोते असतात. त्यांना मी एवढंच सांगेन की असं ऐकण्यात अर्धा तास वाया जाईल. त्याऐवजी कविता दोनदा वाचावी, अनुवादात का होईना, आणि मग ती बाजूला ठेवून ऐकावं. प्रास्ताविकातला विषय ओळखून ठेवावा आणि तो पुढे कुठल्या वेशात येतो याकडे कान द्यावा. पहिल्यांदा ऐकताना निम्मं हातून निसटतं. स्वरांची दाटी विलक्षण आहे, डाव्या हाताला एक आणि उजव्या हाताला दुसरं सांगायचं असतं, आणि मेटनर श्रोत्याला मध्ये बसायला जागा देत नाही. पुन्हा ऐकल्यावर मात्र परतणाऱ्या विषयाला आपण ओळख देतो, आणि तिथून ही रचना आपली होते. हॅमिश मिल्न, जेफ्री टोझर, मार्क-आंद्रे हॅमलिन यांची ध्वनिमुद्रणं आज सहज ऐकायला मिळतात.

मेटनरच्या आयुष्यात भारत अगदी अनपेक्षित वाटेने आला. १९२१ मध्ये तो रशिया सोडून बाहेर पडला. जर्मनी, फ्रान्स आणि शेवटी लंडन. पैसा नाही, प्रसिद्धी ओसरलेली, हृदय दुबळं. तेव्हा म्हैसूरचे तरुण महाराजा जयचामराजेंद्र वडियार (१९१९–१९७४) त्याच्या मदतीला उभे राहिले. महाराजांनी पियानोचं पक्कं शिक्षण घेतलं होतं आणि मेटनरचं संगीत त्यांना मनापासून आवडायचं. त्यांनी पैसा दिला, मेटनर सोसायटी स्थापन झाली आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस हिज मास्टर्स व्हॉइसने मेटनरला स्वतःच्या रचना स्वतः वाजवून ध्वनिमुद्रित करायला बसवलं. पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठी लिहिलेले आपले तिन्ही कॉन्चेर्तो त्याने त्या काळात मुद्रित केले. तिसरा कॉन्चेर्तो, १९४३ मध्ये पूर्ण झालेला, त्याने महाराजांना अर्पण केला, आणि गंमत अशी की त्याच्या मुळाशीही कविताच आहे: लेर्मोन्तोवची जलपरीवरची. ते महाराजा स्वतः कर्नाटक संगीतातले रचनाकार होते. त्यांच्या ९४ कृती आहेत. म्हणजे सकाळी देवीच्या स्तुतीचे संस्कृत शब्द रागतालात बांधणारा माणूस संध्याकाळी शब्दांवाचूनची रशियन कविता पियानोवर ऐकत असेल. त्याच दिवसांत शेजारचं हैदराबाद संस्थान आणि त्यातला आपला उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्हा रझाकारांच्या धुमाकुळातून जात होता, आणि तेरच्या यात्रेत पेटी-पखवाजावर गोरोबांचे शब्द म्हटले जात होते.

मग गोरोबांच्या अभंगावर पियानो सोनाटा होऊ शकेल का? होऊ शकेल, आणि तो कसा व्हावा याविषयी माझं मत पक्कं आहे. अभिषेकींची चाल उचलून तिच्यावर स्वरांचे नक्षीकाम करणं ही सर्वांत सोपी आणि सर्वांत निरुपयोगी वाट. ती चाल शब्दांसाठी झाली, शब्दांसकटच ती पुरी आहे. टाळाचा आवाज पियानोच्या वरच्या सप्तकात काढून दाखवणंही तसंच वरवरचं. मेटनरचा धडा घ्यायचा तर अभंगाच्या आत जावं लागेल: सहा, सहा, सहा, चार. तीन समान वाक्यं आणि एक तोकडं, हाच सोनाटाचा पहिला विषय होऊ शकतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्याचा शेवट एकाच स्वरसमूहावर यावा, यमकाच्या जागी. चौथं वाक्य दोन मात्रा आधी तुटावं आणि त्या दोन मात्रा पियानोला विरू द्याव्यात. पेटीवर हे साधत नाही, तिचा सूर एक तर चालू असतो किंवा बंद. तार वाजून गेल्यावर हळूहळू मावळत जाणारा आवाज फक्त पियानोजवळ आहे, आणि मुक्याच्या अभंगाला नेमका तोच हवा आहे. दुसरा विषय भरघोस, सलग, न तुटणारा असावा, पायाने चिखल तुडवत राहण्याच्या लयीचा, कारण गोरोबांच्या जीवनातलं सुख आणि आकांत दोन्ही त्या एका लयीत घडले. मधल्या भागात या दोघांनी एकमेकांना मोडावं. आणि परतताना पहिल्या विषयाच्या शेवटच्या त्या रिकाम्या दोन मात्रा थोड्या लांबाव्यात, दर खेपेला आणखी थोड्या.

पहिल्या पानावर अभंग पूर्ण छापावा, देवनागरीत, चरणांची तोडणी दाखवून. वाजवणारा सोलापूरचा असो की सेंट पीटर्सबर्गचा, त्याने बाकावर बसण्याआधी तो मोठ्याने म्हणून पाहावा, बोटांवर अक्षरं मोजत.